क्वार्टर गार्डमधलं वारूळ

माझ्या सबंध नोकरीत मला कुणी मॅडम म्हटलं नाही. सगळे ‘सर’ म्हणत. जोयडा तालुक्यातल्या आमच्या सैनिकी पूर्वतयारीच्या शाळेत मी इमारतींची सुपरवायझर म्हणून रुजू झाले, तेव्हा तिथे बायकांच्या दोनच जाती ठाऊक होत्या: स्वयंपाकघरातल्या मावश्या आणि झेंडावंदनाला येणाऱ्या साहेबांच्या बायका. हातात ओळंबा घेऊन शिडीवर चढणारी बाई कुठल्या खान्यात बसवावी हे कवायत शिकवणाऱ्या उस्तादांना कळेना. त्यांनी मला खालपासून वरपर्यंत बघितलं, मुलांकडे वळले आणि म्हणाले, “हे नवे बिल्डिंगवाले सर.” झालं. मी साडीतली सर झाले आणि साडीतलीच सर म्हणून रिटायर झाले.

फक्त सलामीचा प्रश्न सुटला नाही. क्वार्टर गार्ड म्हणजे पहाऱ्याची खोली. आत मुलांच्या सरावाच्या बंदुका, बाहेर पडवीत एक मुलगा ताठ उभा. हा मुलगा आमच्या प्राचार्य कर्नलसाहेबांना सलामी देई, पाहुण्यांना देई, एकदा तर रुबाबात चालत आलेल्या दूधवाल्यालाही दिली. मी दिसले की मात्र तो समोरच्या फणसाकडे टक लावून बघत राही. सर असले तरी माझा हुद्दा कुठला, हे कुणालाच ठरवता आलं नव्हतं. मला त्याचं काही वाटत नाही असं मी सगळ्यांना सांगत असे.

आमचं काम बाहेरच्यांना सांगायचं तर सोपं आहे. चिऱ्याच्या भिंती, सागाचे खांब, मंगळुरी कौलं, आणि वरून जोयड्याचा पाऊस. हा पाऊस एकदा बसला की पाहुण्यासारखा उठायचं नावच काढत नाही. म्हणून मे महिन्यात शाकारणी करायची: कौलं उतरवायची, फुटकी बाजूला काढायची, वासे तपासायचे, पुन्हा चढवायची. लाकूड तपासायचं म्हणजे हातोडीनं ठोकून कान द्यायचा. वाळवीनं पोखरलेलं लाकूड वरून गुळगुळीत दिसतं, पण ठोकल्यावर रिकाम्या डब्यासारखं वाजतं. माणसंही अशी असतात असं आमचा मारुती गवंडी म्हणायचा आणि म्हणताना संस्थेच्या पाहुण्यांकडे बघायचा.

शाळेच्या इतिहासाबद्दल बोलायचं तर मुख्य इमारत मुळात मुलांसाठी नव्हतीच. ती हत्तींसाठी होती. जंगलातली लाकडं ओढणारे हत्ती तिथे बांधत. त्यामुळे दरवाजे असे की एका पालकानं विचारलं, एवढ्याशा पोरांना एवढे दरवाजे कशाला? कर्नलसाहेब म्हणाले, “आमच्याकडे मुलं वाढतात.” त्या माणसानं तिथल्या तिथे मुलाचं नाव घातलं. जमिनीत हत्तीच्या साखळ्या अडकवायच्या लोखंडी कड्या होत्या. त्या काढायच्या तर फरशी फुटते, म्हणून कड्यांच्या मधल्या जागेत खाटा मांडल्या होत्या. प्रत्येक नव्या मुलाला पहिल्याच दिवशी अंगठा ठेचून शाळेचा इतिहास कळे. पुढे इमारतींना रणभूमींची भारदस्त नावं दिली गेली, पण गावची माणसं मुख्य इमारतीला शेवटपर्यंत हत्तीखाना आणि क्वार्टर गार्डला माहुताची खोलीच म्हणत राहिली.

हत्ती गेले, लाकडांची वखार उठली, आणि एका निवृत्त मेजरसाहेबांना इथे फौजेच्या परीक्षेची तयारी करून घेणारी शाळा काढायचं सुचलं. जागा गावच्या देवाची होती. गावानं ती दोन अटींवर दिली. गावच्या मुलांना शिकवायचं आणि देवाचं जे असेल त्याला हात लावायचा नाही. पहिली अट शाळेनं इमानानं पाळली. दुसरीचा कुणी विचारच केला नव्हता, कारण देवाचं काय काय आहे हे गाव ठरवणार होतं.

माझ्या नोकरीच्या मध्यावर कधीतरी, एका पावसाळ्यानंतर, क्वार्टर गार्डच्या पडवीच्या कोपऱ्यात खांबाच्या बुडाशी मातीचा एक गोळा दिसला. मी झाडून घ्यायला सांगितलं. झाडणाऱ्या बाईनं हात जोडले आणि केरसुणी बाजूला ठेवली. पुढच्या पावसाळ्यात गोळ्याचं वारूळ झालं, त्याच्या पुढच्या पावसाळ्यात त्यानं खांबच गिळला. नागपंचमीला गावच्या बाया हळद, लाह्या आणि दूध घेऊन आल्या. बंदुका ठेवलेली खोली. पहारेकरी मुलगा नियमाप्रमाणे ओरडला, “थम! कौन आता है?” पुढची म्हातारी म्हणाली, “आमीच रे बाबा. सरक की जरा, दूध सांडंल.” मुलगा सरकला. त्या दिवसापासून वारुळाला सरकारी नाही, पण गावची मान्यता मिळाली.

आमच्याकडे नियम असा, की हलेल त्याला सलाम आणि हलणार नाही त्याला चुना. वारूळ जागचं हलत नव्हतं, म्हणून मुलांनी त्याला खालून गेरू फासला आणि वर चुन्याचा पांढरा पट्टा मारला. पण ते वाढत होतं. पट्टा फाटायचा, वर जायचा, पुन्हा मारावा लागायचा. मग उस्तादांच्या डोक्यात आलं की हे तर हलतंय. तेव्हापासून पहारा बदलताना मुलं त्याला सलामीही देऊ लागली. कुणी हुकूम दिला नव्हता, त्यामुळे तो कुणी मागेही घेतला नाही. म्हणजे सलामीच्या बाबतीत वारूळ माझ्या वर होतं. कुळगीच्या जंगल कॅम्पसाठी निघालेले पर्यटक वाट चुकून आमच्या फाटकाशी यायचे. त्यांतल्या एका कुटुंबानं बंदूकवाला मुलगा मातीच्या ढिगाला सलामी देताना बघितला आणि खोलीचं भाडं न विचारताच गाडी वळवली.

हे असंच चाललं असतं. पण शहरातल्या संस्थेच्या कार्यालयातून निरोप आला की समिती येते आहे. जुन्या इमारती धोक्याच्या ठरल्या तर शाळा उचलून तिकडे हमरस्त्याकडेच्या नव्या सिमेंटच्या इमारतीत न्यायची. निरोप ऐकून स्वयंपाकघरातल्या मावश्यांनी परातीत हात तसाच ठेवला. गावची मुलं तिकडे जाणार नव्हती, कुणी नेणारही नव्हतं. आणि मी? बांधकामाचा डिप्लोमा घेऊन मी रामनगरला बाबांच्या दुकानात गूळ जोखत बसले होते, कारण मुलीला साइटवर कोण घेणार? घेतलं या हत्तीखान्यानं. तो सोडायची भाषा ऐकून मला भीती वाटली. नुसती नोकरीची नव्हे. त्या छपरातला वासा न् वासा मी ठोकून ऐकला होता.

कर्नलसाहेब साताऱ्याकडचे, निवृत्तीनंतर प्राचार्य म्हणून आलेले. त्यांचाही शाळेवर जीव होता, पण त्यांचा जीव हुकमाच्या रूपानं बाहेर पडे. “समिती सोमवारी येतेय. बंदुकांच्या दारात वारूळ दिसता कामा नये. उद्यापर्यंत साफ करा, सर.”

मी मारुतीला बोलावलं. तो मूळचा खानापूरकडचा. नदीत उभं राहून भिंत बांधेल असा माणूस.

“सर, हात दुखालाय की वो,” तो म्हणाला.

“सकाळी तर चांगला होता.”

“व्हय. तुमी सांगिटल्यावर दुखाय लागला.”

बाकीच्यांचीही तीच गत. एकाची सासू आजारी पडली. एकाला आठवलं की तो मांस-मच्छी खात नाही, आणि वारुळात जीव असतात. मी रामनगरहून जेसीबी मागवला. ड्रायव्हर दूर गावचा होता, त्याला इथलं काही ठाऊक नसणार असा माझा हिशेब. तो झोकात आला, वारुळावरची हळद बघितली, इंजिन बंद केलं, केबिनमधून नारळ काढून फोडला, आम्हा सगळ्यांना खोबरं वाटलं आणि रिव्हर्समध्ये पीं पीं करत फाटकाबाहेर निघून गेला. खोबरं कर्नलसाहेबांनीही खाल्लं.

शेवटी गावच्या बुधवंताला बोलावणं धाडलं. कुणबी वाड्यांच्या म्होरक्याला इकडे बुधवंत म्हणतात. हा म्हातारा शाळेतला एकटाच माणूस, म्हणजे शाळेबाहेरचा, जो मला ‘अक्का’ म्हणायचा.

“आमी न्हाई म्हणत न्हाई, अक्का,” तो म्हणाला. “आमी कोण सांगणार? देवाला इचारू.”

विचारायची रीत अशी: देवाच्या पाषाणाला ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, गाऱ्हाणं घालायचं आणि थांबायचं. उजवी पाकळी पडली तर हो, डावी पडली तर नाही. कर्नलसाहेब पूर्ण गणवेशात, छातीवर पदकं लावून देवराईत हजर झाले. बुधवंतानं गाऱ्हाणं घातलं.

“उत्तर किती वाजता मिळेल?” साहेबांनी विचारलं.

“देवाकडं घड्याळ न्हाई, सायब.”

साहेब सावधान उभे राहिले. ऊन चढलं. मुंग्या बुटावरून वर चढल्या. साहेब हलले नाहीत आणि पाकळ्याही हलल्या नाहीत. दोघांत कोण जास्त शिस्तीचं हे ठरवायला आम्ही सगळे तिथे बसून होतो. जेवणाचा बिगुल होऊन गेला. उजवी पाकळी पडेना, डावीही पडेना. उन्हं उतरू लागली तेव्हा बुधवंतानं पाषाणाला हात लावून नमस्कार केला.

“काय म्हणतो तुमचा देव?”

“गप हाय. म्हंजे तुमी बी गप ऱ्हावा.”

साहेबांना गप राहण्याची सवय नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी स्वतः कुदळ उचलली. आम्ही अंगणात उभे, मावश्या दारात, गावची माणसं फाटकाशी. पहारेकरी मुलगा आपल्या जागी, कारण त्याला हलायचा हुकूम नव्हता. साहेबांनी वारुळाच्या माथ्याशी एक घाव घातला. डोक्याएवढं ढेकूळ खाली आलं. त्यापाठोपाठ वरून आवाज आला. तुळई कण्हली. मग कौलांची एक ओळ सरसर घसरली आणि पडवीत फुटली. पहारेकरी कौलांच्या पावसात ताठ उभा.

“पळ! अरे पळ!” मी ओरडले. तो पळेना. पळ हा हुकूम त्याच्या कवायतीत नव्हता.

“दाहिने मुड! दौडके चल!” साहेब गरजले, तेव्हा कुठे तो दाहिने मुडला आणि दौडके गेला. त्याला खरचटलंही नव्हतं. एक कौल साहेबांच्या टोपीवर पडून दुभंगलं होतं. टोपी चांगली होती.

मी शिडी लावून वर चढले. खांबाचा माथा जिथे असायला हवा तिथे हात घातला. आत खांब नव्हता. बाकीचे खांब सागाचे, पण या कोपऱ्यातला मी यायच्या आधी कधीतरी कुणा कंत्राटदारानं बदलून आंब्याचा घातला असणार. आंब्याचं लाकूड म्हणजे वाळवीला लग्नाचं जेवण. तिनं तो बुडापासून माथ्यापर्यंत फस्त केला होता आणि खाताना जागा मातीनं भरत आणली होती, अगदी तुळईपर्यंत. पडवीचं छप्पर किती वर्षं कोण जाणे, वारुळानं तोलून धरलं होतं. हळद लागल्यापासून दर मे महिन्यात मी सगळे खांब ठोकले होते, हा सोडून. हळद लावलेल्याला हातोडी कशी मारणार?

मी खाली उतरले आणि सांगितलं, “साहेब, हा खांब आहे.”

साहेबांनी कुदळ अशी खाली ठेवली, जसा एखादा शरण आलेला तलवार ठेवतो. “मग आता?”

आता समिती सोमवारी, आणि आमच्या खांबाचा माथा फुटलेला. तात्पुरते बांबूचे टेकू लावले. मारुतीनं चिखल कालवायला घेतला, पण बुधवंतानं त्याला थांबवलं.

“तुमचं काम न्हाई ते. ज्येचं हाय ते करतील. फकस्त तितं धुडगूस घालू नका.”

वारुळाची दुरुस्ती वाळवीवर सोपवून आम्ही वाट बघू लागलो. साहेबांनी क्वार्टर गार्डसमोरची कवायत बंद केली, बूट आपटायला मनाई केली. मुलं चवड्यांवर चालू लागली. पहाट झाली की साहेब हातात छडी घेऊन कामाची पाहणी करायला हजर. ओल्या मातीची कड किती पुढे सरकली ते वाकून बघायचे. “सर, तुमच्या सगळ्या कंत्राटदारांपेक्षा हे बरे,” ते मला म्हणाले. “चहाला थांबत नाहीत.” शनिवारी काम जरा मंद वाटलं तर त्यांचा चेहरा उतरला आणि त्यांनी मला हळूच विचारलं की आपण ओली लाकडं वगैरे काही पुरवायची का. मी म्हटलं, साहेब, त्यांना लाकूड दाखवू नका.

रविवारी संध्याकाळी माती तुळईला भिडली. मारुतीनं बांबूचे टेकू एकेक करून ढिले केले. छप्पर हललं नाही. मावश्यांनी त्या दिवशी कुणी न सांगता शिरा केला.

सोमवारी समिती आली. पुढे संस्थेचे अध्यक्ष, त्यांच्या मागे एक तरुण इंजिनियर, त्याच्या हातात माझ्यासारखीच हातोडी. ती बघून मला त्याच्याबद्दल थोडं बरं वाटलं आणि जास्त भीती वाटली. त्यानं हत्तीखाना ठोकला, खण् बोलला. वर्ग ठोकले, खण्. मग क्वार्टर गार्ड. एक खांब ठोकला, दुसरा ठोकला, आणि तिसऱ्याशी हातोडी उगारून थांबला. खालून गेरू, वर चुन्याचा पट्टा, मध्ये हळद-कुंकू. त्यानं मान वर करून तुळई बघितली, खाली बघितलं, पुन्हा वर बघितलं. त्याला कळलं. मला बाजूला घेऊन तो हलक्या आवाजात म्हणाला, “मॅ... सर... हे काय आहे?”

खोटं बोलायचं मी ठरवून आले होते. प्लास्टरचा आहे, सुशोभीकरण आहे, असलं काहीतरी. पण ज्यानं हातोडी धरली आहे त्याच्याशी खोटं बोलवेना. “खांब आहे,” मी म्हटलं. “मी लावलेला नाही. पण पावसाळे काढलेत त्यानं. तू खरं ते लिही. फक्त एवढं ध्यानात ठेव, की तू लिहिशील त्यावर ही सगळी माणसं इथे राहतील किंवा जातील.”

त्यानं फाटकाकडे बघितलं. गाव उभं होतं, मधे बुधवंत. मग तो वारुळाशी उकिडवा बसला, बराच वेळ निरखत राहिला आणि लिहू लागला. अध्यक्षांनी कागद मागून घेतला आणि मोठ्यानं वाचला: “कोपऱ्यातील खांब भरीव, स्थानिक मातीचा. भार व्यवस्थित घेतो. दुरुस्ती आपली आपण करतो. उंची वाढती.” अध्यक्ष धंद्यातले गृहस्थ. त्यांचे डोळे एका शब्दावर अडकले.

“दुरुस्ती आपली आपण? म्हणजे देखभालीचा खर्च?”

“काही नाही, सर,” इंजिनियर म्हणाला.

“मग कर्नलसाहेब, बाकीचे खांब असे का नाहीत?”

“सर, त्यासाठी बाकीचे आधी खाऊ घालावे लागतील,” साहेब गंभीरपणे म्हणाले. अध्यक्षांना वाटलं हा फौजेतला विनोद असावा. ते हसले, आम्ही सगळे हसलो, आणि हसता हसता माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते मी पदरानं पुसलं. शाळा जिथल्या तिथे राहिली.

जाताना इंजिनियरनं मला एकच अट घातली. पावसाआधी त्या कोपऱ्यात लोखंडी खांब उभा करायचा, वारुळाला न लावता, शेजारी. मी केला. उत्तम पोलाद, दोन हात लाल रंग, ओळंबा लावून सरळ. गावाला ते आवडलं नाही. बुधवंत म्हणाला, “अक्का, ईश्वास न्हाई व्हय?” मी म्हटलं, विश्वास आहे, पण मी डिप्लोमा केलाय. मनातून मला तो खांब फार आवडायचा. जाता-येता मी त्याला हात लावत असे. बाकी सगळं हत्तींचं, मेजरसाहेबांचं नाहीतर देवाचं. हा एक माझा.

माझ्या निवृत्तीच्या दिवशी निरोप समारंभ झाला, शाल झाली, कर्नलसाहेब मुद्दाम साताऱ्याहून आले होते. ते आता काठी टेकत चालतात, वारुळाला मात्र त्यांनी काठी न टेकता नमस्कार केला. बाहेर पडताना मला वाटलं, एकदा आपला खांब बघून जावं. पावसाळा नुकताच सरला होता आणि मी आजारपणामुळे तिकडे बरेच दिवस फिरकले नव्हते.

खांब नव्हता. म्हणजे होता, पण दिसत नव्हता. वाळवी त्याच्यावर माती चढवत थेट तुळईपर्यंत गेली होती आणि जुन्या वारुळाला नवं वारूळ जोडलं गेलं होतं. मुलांनी दोन्हींना मिळून एकच गेरू आणि एकच चुन्याचा पट्टा मारला होता. बायांनी हळदही दोन्हींना लावली होती. लाल रंगाचा एक ठिपकासुद्धा कुठे राहिला नव्हता.

“गेला माझा खांब,” मी बुधवंताला म्हटलं.

“गेला कुटं?” तो म्हणाला. “घरात घेटलाय तुमाला, अक्का.”

मी डोक्यावरून पदर घेतला आणि पडवीच्या पायरीपाशी उभी राहिले. तेवढ्यात पहारेकरी मुलानं टाच आपटली, बंदूक उभी केली आणि खाडकन सलामी दिली. पहारा बदलायची वेळ नव्हती. मागे साहेब उभे नव्हते, दूधवालाही नव्हता. समोर मी होते आणि माझ्या पाठीशी वारूळ.

सलामी कुणाला, हे मी विचारलं नाही. ताठ उभी राहिले आणि दोघांच्या वतीनं घेतली.